सॅचुरेबल रिअॅक्टरचा ब्रिज सारखा उडतोय? नवा लावण्याआधी हे मोजा

तक्रार अशी असते. हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला सिरीजमध्ये घरी बनवलेला सॅचुरेबल रिअॅक्टर लावलाय, म्हणजे छोट्या डीसी करंटने मोठा एसी करंट कमीजास्त करणारी, लोखंडी गाभ्यावरची गुंडाळी. त्याच्या कंट्रोल वाइंडिंगला छोट्या ट्रान्सफॉर्मरवरून ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) लावून डीसी दिलाय. कधी स्विच टाकताक्षणी, कधी आठवडाभर नीट चालून झाल्यावर ‘फट्’ असा आवाज येतो आणि ब्रिज शॉर्ट. नवा लावा, तोही जातो. मग माणूस आणखी मोठ्या अँपिअरचा ब्रिज आणतो.

मीही आणला होता. माझे दोन ब्रिज गेले, दोन्ही केबीपीसी ३५१०, म्हणजे ३५ अँपिअर आणि १००० व्होल्टचे. त्यांच्यातून जाणारा करंट होता जेमतेम एक अँपिअर! शिवाय एक टॉगल स्विच आतून वितळला. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने तिसऱ्यांदा मला पाहून विचारलं, “वेल्डिंग मशीन करताय का?” आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा सगळा प्रकार चालला होता. ब्रिज करंटने जातच नव्हता, व्होल्टेजने जात होता. आणि ते व्होल्टेज २४ व्होल्टच्या कंट्रोल सप्लायचं नव्हतंच, वाइंडिंगमधून उलटं येत होतं.

आकड्यांशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून माझी जुळणी सांगतो. काम होतं ८१३ वाल्व्हच्या हॅम लिनिअरच्या (हौशी रेडिओच्या पॉवर अॅम्प्लिफायरच्या) प्लेट सप्लायचं, साधारण २००० व्होल्ट डीसी, प्रायमरीला २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरपर्यंत. रिअॅक्टर म्हणजे दोन सारखे ट्रान्सफॉर्मर. प्रत्येकाच्या मधल्या पायाचं क्षेत्रफळ २५ चौरस सेंटिमीटर. ५० हर्ट्झला व्होल्टमागे फेरे काढायचा माझा हिशोब सोपा आहे: ४५ भागिले (टेस्ला गुणिले चौरस सेंटिमीटर). १.२ टेस्ला धरले की व्होल्टला दीड फेरा. एसी वाइंडिंग प्रत्येकी ११५ व्होल्टचं, १६ गेज तारेचे सुमारे १७३ फेरे. दोन्ही सिरीजमध्ये, मिळून २३० व्होल्ट अडवू शकतात. कंट्रोल वाइंडिंगचे फेरे त्याच्या चौपट, २२ गेजचे ६९० च्या आसपास. दोन्ही मिळून वजन पंधरा किलो, टेबलावरून हलवायचं म्हणजे बायकोची परवानगी आणि भावाची मदत दोन्ही लागतात.

चालतं कसं, तर कंट्रोलमध्ये डीसी नसताना लोखंड मोकळं असतं, एसी वाइंडिंगचा इंडक्टन्स मोठा असतो, करंट अडतो. डीसी सोडला की लोखंड सॅचुरेशनकडे, म्हणजे आणखी चुंबकत्व घेता येणार नाही अशा अवस्थेकडे सरकतं, इंडक्टन्स कोसळतो आणि करंट वाट काढतो. हिशोब अँपिअर-फेऱ्यांचा: एसीचा सरासरी करंट गुणिले एसीचे फेरे बरोबर कंट्रोलचा करंट गुणिले कंट्रोलचे फेरे. फेरे चौपट म्हणून चार अँपिअर हलवायला एक अँपिअर डीसी पुरतो. अलेक्झांडरसनने १९१६ मध्ये रेडिओ टेलिफोनीसाठी मॅग्नेटिक अॅम्प्लिफायर मांडला, त्याचा पाया हाच. जुन्या नाटकगृहांतले दिव्यांचे डिमर याच तत्त्वावर चालायचे, आणि जुन्या एटीएक्स पॉवर सप्लायमध्ये ३.३ व्होल्टच्या लाइनवर जी एक छोटी रिंग दिसते ती बऱ्याचदा हेच काम करत असते.

“मग सरळ ट्रायॅक का नाही?” असं सगळेच विचारतात. ट्रायॅक म्हणजे एसी कमीजास्त करणारा सेमीकंडक्टर स्विच. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर ट्रायॅकने एखादा अर्धा सायकल चुकवला की ट्रान्सफॉर्मरला डीसी मिळतो, तो गुरगुरतो आणि फ्यूज जातो. रिअॅक्टरला चुकवायला काही नाहीच. उलट एचटीला, म्हणजे २००० व्होल्टच्या बाजूला, शॉर्ट झालं तरी तो करंट आवरून धरतो. मला हे आवडतं. वजन सोडून.

आता मुख्य गोष्ट. चौपट फेऱ्यांचा फायदा आपण करंटमध्ये घेतला, पण तोच ट्रान्सफॉर्मर उलट बाजूने स्टेप-अप आहे. एसी वाइंडिंगवर ११५ व्होल्ट आले की प्रत्येक कंट्रोल वाइंडिंगवर ४६० व्होल्ट एसी उभे राहतात. दोन्ही कंट्रोल वाइंडिंग एकमेकांविरुद्ध जोडायची असतात ती एवढ्यासाठीच. ४६० मधून ४६० वजा, बाहेर शून्य. जोडणी उलटी झाली तर बेरीज होते, ९२० व्होल्ट. त्याचं शिखर १३०० व्होल्टच्या पुढे. १००० व्होल्टच्या ब्रिजने काय करावं?

माझा पहिला ब्रिज असाच गेला, स्विच टाकताच. सुरुवातीला एचटीचे कपॅसिटर रिकामे असतात, सेकंडरीला ते शॉर्टसारखेच, त्यामुळे २३० पैकी जवळजवळ सगळे व्होल्ट रिअॅक्टरवर पडतात. म्हणजे सगळ्यात वाईट क्षण पहिलाच. वाइंडिंगच्या टोकांना वाइंडरने पिवळी आणि काळी स्लीव्ह घातली होती, मी विश्वासाने काळ्याला काळी जोडली. एका बॉबिनवर त्याने सुरुवातीला पिवळी घातली होती, दुसऱ्यावर शेवटाला. स्लीव्हच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही, हे मला वाइंडरकाकांनीच नंतर सांगितलं. “अहो, जी हाताला येते ती घालतो,” म्हणाले. त्यावर काय बोलणार.

तपासणी अशी करा. मेन्स नको, ब्रिज नको, लोड नको. दोन्ही एसी वाइंडिंग सिरीजमध्ये, आणि त्यांना २४ व्होल्टच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवरून एसी द्या. प्रत्येकाच्या वाट्याला बारा-बारा येतील. कंट्रोल वाइंडिंगची एक-एक टोकं आपसांत जोडा, उरलेली दोन उघडी ठेवा आणि मीटर एसी २०० व्होल्टवर ठेवून त्यांच्यामध्ये मोजा. जोडणी बरोबर असेल तर शून्याजवळ काही व्होल्ट दिसतील. ९६ च्या आसपास दिसले तर एकाच कंट्रोल वाइंडिंगची टोकं उलटवा. ९६ व्होल्टही चिमटा काढतात, त्यामुळे आधी क्लिप लावायच्या, मग २४ व्होल्ट सुरू करायचे.

मला बरोबर जोडल्यावर ११ व्होल्ट मिळाले. शून्य नाही, ९६ही नाही. दोन दिवस मी मीटरवर संशय घेतला. शेवटी प्रत्येक एसी वाइंडिंगवर वेगवेगळं मोजलं: एकावर १३.४, दुसऱ्यावर १०.६. दोन सारखे ट्रान्सफॉर्मर सारखे नव्हते. पट्टीचे बोल्ट सैल करून पत्र्यांच्या कडा पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. एकात ई आणि आय आकाराच्या पत्र्या एकाआड एक उलटसुलट भरल्या होत्या. दुसऱ्यात पाच-पाचच्या गठ्ठ्यांनी. गठ्ठ्यांनी भरलं की सांधे एका जागी येतात, बारीक हवेची फट तयार होते आणि इंडक्टन्स घसरतो. नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये याने फारसं बिघडत नाही, थोडा नो-लोड करंट वाढतो, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. इथे मात्र दोघांनी तंतोतंत सारखं वागणं हेच काम आहे. एक संध्याकाळ घालवून, नखं तुटेपर्यंत पत्र्या काढून पुन्हा एकाआड एक भरल्या. शेवटच्या तीन-चार लाकडी ठोकळ्याने ठोकून बसवाव्या लागतात, हातोडी थेट मारली तर पत्रा वाकतो आणि बॉबिन फाटतो. नंतर उरले दीड व्होल्ट. एवढं चालतं.

इथे थांबून एक धोक्याची सूचना, कारण हे मी कुठे ठळकपणे सांगितलेलं पाहिलं नाही. बाहेरच्या दोन टोकांमध्ये मीटर शून्य दाखवतो म्हणून कंट्रोल बाजू निरुपद्रवी समजू नका. दोन कंट्रोल वाइंडिंग जिथे एकमेकांना जोडल्या आहेत, तो मधला सांधा दोन्ही टोकांपासून ४६० व्होल्ट वर असतो. मेन्सच्या दुप्पट! मी तिथे साधी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती, तीही कोपऱ्यातल्या बोल्टला टेकून. आता तिथे दोन थरांची हीटश्रिंक आणि वरून फायबर ग्लासची स्लीव्ह आहे. २४ व्होल्टच्या सर्किटला असली वायर कशाला, असं पाहणाऱ्याला वाटतं. वाटू द्या.

जोडणी दुरुस्त झाली, ब्रिज नवा बसला, आणि नऊ दिवसांनी तोही गेला. पुन्हा स्विच टाकतानाच. हा मात्र अवघड होता, कारण आधीचे आठ दिवस तोच स्विच, तीच जोडणी, काहीही झालं नव्हतं.

इथे ट्रान्सफॉर्मरचा इनरश, म्हणजे स्विच टाकताक्षणी ओढला जाणारा मोठा करंट, आठवायचा. मेन्सचं व्होल्टेज शून्यातून जात असताना स्विच पडला तर फ्लक्सला (लोखंडातल्या चुंबकीय प्रवाहाला) नेहमीच्या दुप्पट उंचीवर चढावं लागतं, शिवाय मागच्या वेळी बंद करताना लोखंडात जे चुंबकत्व राहून गेलं ते त्यात मिसळतं. शिखरावर असताना स्विच पडला तर काहीच होत नाही. म्हणजे नशिबाचा खेळ, म्हणूनच आठ दिवस गेले आणि नवव्याला फटका. रिअॅक्टरमध्ये हाच इनरश वेगळं रूप घेतो. मी आधी मेन्स टाकत होतो आणि कंट्रोल नंतर. दोन गाभ्यांत राहिलेलं चुंबकत्व सारखं नसतं, त्यामुळे एक गाभा आधी सॅचुरेट होतो आणि हात वर करतो. मग सगळे २३० व्होल्ट दुसऱ्या एकट्यावर. त्याच्या कंट्रोल वाइंडिंगवर ९२० व्होल्ट, आणि वजा करायला समोर कोणी नाही. ही उसळी ब्रिजच्या सुलट दिशेने आली तर डायोडमधून आरामात वाहून जाते, काही बिघडत नाही. उलट दिशेने आली तर ब्रिज अडवतो, आणि अडवता अडवता मरतो.

यावर तीन गोष्टी केल्या. कंट्रोल वाइंडिंगच्या दोन बाहेरच्या टोकांवर कायमचा २२० ओहमचा २० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर टाकला. एरवी तो शंभर मिलिअँपिअर खातो, पण उसळी आली की तिला दोन्ही दिशांना वाट मिळते. त्याच्याच समांतर ३०० व्होल्ट एसीचा १४ मिलिमीटरचा व्हॅरिस्टर, जादा व्होल्टेज आलं की वाट मोकळी करणारा. आणि मेन्सला सॉफ्ट स्टार्ट: ४७ ओहमचा जाड रेझिस्टर सिरीजमध्ये, एक सेकंदाने रिले त्याला बायपास करतो. ३२५ व्होल्टचं शिखर भागिले ४७, म्हणजे करंट सात अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही. क्रमही बदलला, आधी कंट्रोल किमान पातळीवर सुरू, मग मेन्स. तेव्हापासून ब्रिज तोच आहे.

ज्यांचा फक्त एमसीबी पडतो, ब्रिज शाबूत आहे, त्यांच्यासाठीही हाच सॉफ्ट स्टार्ट. सी कर्व्हचा एमसीबी आपल्या रेटिंगच्या पाच ते दहा पटीला तत्काळ पडतो, बी कर्व्हचा तीन ते पाच पटीला, आणि इनरश त्याच्या पुढे सहज जातो. टोरॉइड (गोल कड्यासारख्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर) असेल तर जास्तच. त्याहूनही जास्त करंटला पडणारा डी कर्व्हचा लावून मोकळे होऊ नका, घरातल्या वायरिंगचा विचार करा. आणि अमेरिकन सरप्लसचा ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर आणला असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर त्याचा फ्लक्स आपोआप वीस टक्के वाढतो. आमच्याकडे रात्री अकरानंतर व्होल्टेज २५० च्या वर जातं, तेही त्यात धरा. तो नो-लोडलाच गरम होत असेल तर दोष तुमचा नाही.

टॉगल स्विचची गोष्ट. स्टँडबायसाठी मी ब्रिज आणि कंट्रोल वाइंडिंग यांच्यामध्ये, डीसीच्या बाजूला स्विच बसवला होता. दिसायला सोयीचा, वागायला भयंकर. लोड चालू असताना त्या वाइंडिंगमधून नुसता डीसी जात नसतो, डीसीवर स्वार झालेले १०० हर्ट्झचे ठोके जात असतात, आणि त्यांच्यामागे मेन्सचा जोर असतो. स्विच उघडला की सर्किट तुटत नाही, संपर्कांमध्ये ठिणगी धरून राहते. माझ्या स्विचच्या फटीतून निळा उजेड दिसला आणि बेकलाइटचा तो ओळखीचा वास आला. स्विच कायम ब्रिजच्या अलीकडे, २४ व्होल्ट एसीच्या बाजूला ठेवा. मग ब्रिजच फ्रीव्हीलचं काम करतो, म्हणजे करंटला फिरत राहायला वाट देतो, आणि करंट हळूहळू विझतो. थोडा वेळ लागतो, काही सायकल. लागू दे.

तेच कारण फिल्टर कपॅसिटरला. “डीसी स्वच्छ हवा” म्हणून ब्रिजवर १००० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा टाकला तर ते १०० हर्ट्झचे ठोके तोच खातो आणि आठ-पंधरा दिवसांत टोपी फुगते. काढून टाका. या सर्किटला स्वच्छ डीसीची गरजच नाही.

मायक्रोवेव्ह ओव्हनचे दोन ट्रान्सफॉर्मर घेऊन रिअॅक्टर करू, असं मला अधूनमधून कोणी ना कोणी विचारतं. माझं उत्तर नाही असंच आहे. त्यांची हाय व्होल्टेज सेकंडरी कंट्रोलला वापरली तर प्रत्येकीवर हजाराच्या घरात व्होल्ट उभे राहतात, आणि त्या सेकंडरीचं एक टोक बहुधा गाभ्यालाच जोडलेलं असतं. एवढं सगळं सोसून हाती काय, तर जुन्या बाजारात वाचवलेले चारशे रुपये.

आता एक तक्रार जी बिघाड नाहीच. “कंट्रोल शून्यावर आहे तरी एचटी उतरत नाही.” माझ्याकडे कंट्रोल पूर्ण बंद असताना मीटरवर ११०० व्होल्ट होते. रिअॅक्टर कितीही मोकळा असला तरी त्याचा स्वतःचा मॅग्नेटायझिंग करंट असतो, माझ्याकडे ०.२ अँपिअर. प्लेट ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना तोही तेवढाच पितो. दोघे सिरीजमध्ये, दोघे चोक, मग मेन्स निम्मं-निम्मं वाटून घेतात. कंट्रोल करण्यासारखं लोडच नसेल तर रिअॅक्टर काय कंट्रोल करणार? लोड वाढला की तो ताब्यात येतो. म्हणून सॅचुरेबल रिअॅक्टर हा ऑफ स्विच नाही. एचटीला हात लावण्याआधी मेन्सचा प्लग काढायचा, नॉब शून्यावर नेणं पुरेसं नाही.

आणि ब्लीडर, म्हणजे बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे करणारे रेझिस्टर, हवाच. माझ्या फिल्टरला ४० मायक्रोफॅरड आहेत, २००० व्होल्टला ८० जूल साठतात, माणूस मारायला ते भरपूर आहेत. दहा किलोओहमचे दहा वायरवाउंड रेझिस्टर सिरीजमध्ये टाकले की २० मिलिअँपिअर जातात, प्रत्येकावर २०० व्होल्ट आणि चार वॉट, म्हणून दहा वॉटचे घ्यायचे. प्लग काढल्यावर ५० व्होल्टखाली यायला पंधरा सेकंद लागतात. त्यातला एक रेझिस्टर जरी तुटला तरी सगळी साखळी निकामी, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून पंधरा सेकंद मोजून झाल्यावरही मी अर्थ केलेली काठी लावल्याशिवाय आत हात घालत नाही, आणि घरात कोणी जागं नसताना झाकण उघडत नाही.

एक किरकोळ: साध्या डिजिटल मीटरने रिअॅक्टरमधून जाणारा करंट मोजलात तर आकडे जुळणार नाहीत, कारण करंट साइन राहत नाही आणि स्वस्त मीटर साइन धरूनच चालतात. जुना मूव्हिंग आयर्नचा पॅनेल मीटर इथे बरोबर आकडा देतो. माझा जुन्या बाजारात सत्तर रुपयांना मिळाला, काच फुटकी होती.

नवी जुळणी पहिल्यांदा मेन्सला लावताना तरी सिरीज बोर्ड वापरा, २०० वॉटचा बल्ब घालून. कंट्रोल शून्य असताना बल्ब जेमतेम लालसर दिसला पाहिजे आणि कंट्रोल वाढवत नेलं की उजळत जायला हवा. कंट्रोल शून्यावरच लख्ख पेटला, तर दोन कंट्रोल वाइंडिंग अजूनही एकमेकींना मदत करतायत. प्लग काढा आणि २४ व्होल्टच्या चाचणीकडे परत जा.